जर्मनीचं वर्क परमिट: आधी कागद, मग राजीनामा

तुझा मेसेज दोनदा वाचला. पुण्यात मेकॅनिकलची चार वर्षं नोकरी, श्टुटगार्टजवळच्या कंपनीची वर्षाला 47,000 युरोंची ऑफर, आणि एजंट परमिटसाठी दीड लाख मागतोय. ते दीड लाख देऊ नकोस. अर्ज तुलाच करायचाय आणि सहीही तुझीच लागणार आहे. नोकरीबद्दलचा फॉर्म कंपनी भरून देते. एजंटच्या हातात वेगळं काही नसतं.

तुझ्यासाठी ब्लू कार्ड, म्हणजे पदवीधरांना मिळणारं वर्क परमिट, योग्य. 2025 साली त्यासाठी वर्षाला किमान 48,300 युरो पगार लागायचा, पण इंजिनिअरिंगसारख्या, माणसांची टंचाई असलेल्या कामांना 43,759.80 पुरायचे. हे आकडे दर जानेवारीत बदलतात, म्हणून अर्ज करशील त्या वर्षाचा आकडा बघ. एक फरक मात्र लक्षात ठेव. कमी मर्यादेतून गेलास तर तिथल्या रोजगार खात्याची मंजुरीही लागते. तुझा पगार आणि कामाच्या अटी तिथल्या माणसांइतक्याच आहेत ना, हे ते तपासतात. ही मंजुरी कंपनी आधीच घेऊ शकते, एचआरला आजच विचार. घाई असेल तर कंपनी तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात 411 युरो भरून जलद प्रक्रियाही सुरू करू शकते.

आता डिग्री. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. अनाबिन नावाच्या सरकारी डेटाबेसमध्ये कॉलेजचं नाव शोधत बसू नकोस, डिग्रीवर ज्या विद्यापीठाचा शिक्का आहे ते शोध. त्यापुढे 'एच प्लस' (H+), म्हणजे मान्यताप्राप्त असा शेरा, हवं, आणि तुझी पदवीही तिथे समकक्ष म्हणून दिसायला हवी. दोन्ही पानं छापून अर्जाला लाव. पदवी सापडली नाही तर ZAB कडून, म्हणजे परदेशी पदव्या तपासणाऱ्या जर्मन सरकारी कार्यालयाकडून, समकक्षतेचा दाखला मागवावा लागतो. त्याची फी 208 युरो, आणि वेळ धरून चाल.

माझ्याकडे तेव्हा फक्त प्रोव्हिजनल सर्टिफिकेट होतं. पदवीदान समारंभाला गेलेच नव्हते, मूळ प्रमाणपत्र विद्यापीठातच पडून होतं. ते हातात येईपर्यंत दीड महिना गेला, आणि मी राजीनामा देऊन मोकळी झाले होते. पगार नाही, घरात रोज "काय झालं गं?" ते दिवस तुझ्या वाट्याला येऊ नयेत असं मनापासून वाटतं. तुझा नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा असेल तर कंपनीला रुजू व्हायची तारीख पुढे ढकलायला सांग. व्हिसाचा शिक्का पासपोर्टवर बसल्याशिवाय राजीनामा देऊ नकोस.

व्हिसाची फी 75 युरो. जर्मनीत आल्यावर घर मिळालं की दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करावी लागते. त्यासाठी घरमालकाचं सही केलेलं पत्र लागतं. काही घरमालक ते द्यायला नाही म्हणतात, तसलं घर स्वस्त असलं तरी घेऊ नकोस. नोंदणीशिवाय पुढे कार्डाचं कामच हलत नाही. पहिल्या बारा महिन्यांत नोकरी बदललीस तर परदेशी नागरिक कार्यालयाला कळवावं लागतं.

जर्मनचा क्लास लगेच लाव. ब्लू कार्डवर कायमचं राहण्याचा परवाना जर्मन भाषेची बी1 पातळी असेल तर 21 महिन्यांत मिळतो, नुसत्या ए1 वर, म्हणजे अगदी पहिल्या पातळीवर, 27. पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहेच.

बायकोबद्दल विचारलंस. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी ए1 ची अट नाही, आणि तिला जर्मनीत कुठलंही काम करता येतं. तिचा अर्ज तुझ्याबरोबरच टाक. त्याआधी लग्नाचा दाखला काढून दोघांच्या नावांचं स्पेलिंग पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळतंय का, तेवढं आज रात्रीच बघ.