माडीच्या फळ्या, चवथ आणि फिनेलची बादली

ह्या वेळी पत्रं काय आणि व्हॉट्सॲप काय, दोन्हीकडे एकच विषय, लाकडी जमीन. साहजिकच आहे म्हणा, पाऊस भरात, चवथ म्हणजे गणपती तोंडावर, आणि घर घासूनपुसून काढायची घाई सगळ्यांनाच. पाच प्रश्न निवडलेत. पहिल्यालाच जास्त जागा गेलीय, कारण बाकीच्यांची निम्मी उत्तरं त्यातच आहेत.

ताई, फोंड्याजवळ आमचं जुनं घर आहे, खाली कोबा आणि वर माडीला सागवानी फळ्या, आजोबांच्या वेळच्या. खालचं-वरचं एकाच बादलीत फिनेल घालून पुसलं जातं, वर्षानुवर्षं हेच चाललंय. ह्या जुलैत बघते तर फळ्यांच्या कडा वर आल्यात, अनवाणी चाललं की पायाला लागतात, चमक गेलीय आणि खिडकीजवळ काळे डाग पडलेत. मेस्त (सुतार) म्हणतो चवथीआधी मशीन मारून सपाट करून देतो, दोन दिवसांचं काम. करून घेऊ का?

नका. निदान आत्ता तरी नका. मेस्ताला चहा पाजा आणि जानेवारीत या म्हणून सांगा.

हे मी शिकले ते स्वतःच्या घरात पैसे घालवून. आमच्या खोलीच्या फळ्या अशाच वर आलेल्या, मलाही घाई, पाऊस थांबल्या थांबल्या ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच मशीन मारून घेतलं, वर पॉलिश, दिवाळीला जमीन आरशासारखी. मार्च आला तर प्रत्येक फळीचा मधला भाग वर आणि कडा खाली, उलटी पन्हळ! झालं असं की लाकूड ओलं असताना वर आलेल्या कडा आम्ही तासून टाकल्या, मग फळी सुकून मूळ आकारात आली आणि तासलेल्या कडा खालीच राहिल्या. दुसऱ्यांदा मशीन मारावं लागलं आणि फळीची जाडी गेली ती गेलीच.

लाकूड लांबीला जवळजवळ वाढत नाही, रुंदीला वाढतं. सहा इंची फळी आपल्या पावसात १ ते २ मिलिमीटर फुगू शकते, दहा फळ्यांचा हिशोब केलात तर सेंटिमीटरच्या वर जातो, ते लाकूड जाणार कुठे. त्यात तुमच्या बादलीचं पाणी फटींतून खाली उतरतं, वरची बाजू पंख्याने सुकते, खालची ओलीच राहते, मग खालची बाजू फुगते आणि कडा वर. एक विचारायचं राहिलं, माडीखाली नवीन फॉल्स सीलिंग तर नाही ना ठोकलं? जुन्या घरात खालून वारा लागायचा म्हणून फळ्या टिकल्या, ते बंद केलं की खालची ओल तिथेच कोंडते. असेल तर दोन-चार ठिकाणी जाळी बसवून घ्या.

आता पुसायचं कसं. आधी जमिनीवर कोणतं पॉलिश आहे ते बघायचं, त्याशिवाय कुठलीही बाटली उघडायची नाही. चार ठिकाणी पाण्याचा एकेक थेंब टाका आणि पाच-दहा मिनिटं थांबा. थेंब गोल मोत्यासारखा राहिला तर वरचा थर शाबूत आहे, आत मुरून काळपट ठिपका पडला तर थर गेलाय आणि तिथे ओलं फडकं लावणंच चूक. मग एखाद्या झाकल्या कोपऱ्यात, कपाटाखाली वगैरे, पॉलिशवाल्याकडचं स्पिरिट कापसाने लावा. चिकट होऊन कापसाला रंग आला तर ते जुनं लाख पॉलिश, चपड्याचं. काहीच झालं नाही तर बहुतेक पीयू (पॉलियुरेथेन, प्लॅस्टिकसारखा कडक थर) किंवा तसलं काहीतरी. जुन्या माडीला लाखच असण्याची शक्यता जास्त, आणि लाखेला पाणीही सोसत नाही आणि स्पिरिटही नाही.

रोज काय करायचं, तर झाडायचं. मऊ झाडू, किंवा व्हॅक्यूमला ब्रशवालं तोंड. आपल्याकडची तांबडी माती चपलेबरोबर आत येते ना, ती म्हणजे पायाखालचा पॉलिश पेपर, पॉलिश पाण्याने जितकं जातं तितकंच ह्या कचीने जातं. दाराबाहेर काथ्याचं पायपुसणं टाका, आत साधं सुती. आठवड्यातून एकदा मायक्रोफायबरचं फडकं इतकं पिळायचं की जमिनीवरून फिरवल्यावर ओल मिनिटभरात उडाली पाहिजे, आणि फळीच्या लांबीच्या दिशेने पुसायचं. फिनेल नको, साबणाचा फेस नको, आणि लिंबू-व्हिनेगर तर नकोच. पितळेची समई बिंबलांनी लखलखते ती त्यातल्या आंबटाने, तेच आंबट पॉलिशचा थर हळूहळू खाऊन मंद करतं.

काम करणाऱ्या बाईंना दोष देऊ नका हं, खालचा कोबा आणि वरची माडी ह्यात फरक आहे हे त्यांना कोणी सांगितलंय? वरच्या मजल्याची बादलीच वेगळ्या रंगाची ठेवा, नुसत्या सांगण्यापेक्षा ते जास्त चालतं.

डागांचं सांगते. पांढरा डाग म्हणजे ओल पॉलिशच्या थरातच अडकलीय, ती बऱ्याचदा हवा कोरडी झाली की आपोआप जाते. काळा डाग म्हणजे पाणी लाकडापर्यंत पोचलं, आणि खिळ्याच्या लोखंडाशी लाकडातला तुरट अंश मिळाला की शाईसारखा काळा रंग धरतो, तो घासून जात नाही. तुमचा खिडकीजवळचा डाग तसलाच दिसतोय, आधी खिडकीतून पाणी कुठून येतं ते बंद करा, डागाचं जानेवारीत मेस्ताबरोबर बघता येईल. चवथीला माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर फळं टांगतो त्या चौकटीखाली, जुनं सुती चादरीचं कापड घाला, फळं गळतात, चीक पडतो, आणि तेवढ्यासाठी नंतर बादली आणली जाते.

पर्वरीला नवीन फ्लॅटमध्ये बिल्डरने वुडन फ्लोअरिंग दिलंय. ऑनलाइन स्टीम मॉप घेतला, दोन महिन्यांत जोडांवर फुगवटे आलेत. पॉलिश करून जातील का?

नाही जाणार. फुगवट्यांवरून ते लॅमिनेट वाटतंय, म्हणजे लाकडाच्या भुशाची दाबून केलेली पाटी, तिच्यावर लाकडाचं चित्र छापलेला कागद आणि वर प्लॅस्टिकचा पातळ थर. जोडातून वाफ आत गेली की भुसा फुगतो आणि परत बसत नाही. त्याला तासताही येत नाही, कागद निघून येईल. तेवढ्या पाट्या बदलणं हाच उपाय, म्हणून बिल्डरकडे उरलेल्या पाट्यांचा एखादा बॉक्स आहे का ते आजच विचारा. इंजिनिअर्ड वुड असेल तर वर खऱ्या लाकडाचा पापुद्रा असतो, तो ३-४ मिलिमीटर जाड असला तर एखाददुसऱ्यांदा हलकं मशीन सोसतो. कुठलं आहे ते दाराच्या उंबऱ्याची पट्टी काढून आडवा छेद बघितला की कळतं. स्टीम मॉप बाथरूमच्या टाइल्सना वापरा.

सासूबाई म्हणतात आमच्या पेडण्याच्या घरी लाकडाला नारळाचं तेल लावायचे, मस्त चकाकी यायची. जमिनीला लावू का?

सासूबाईंची चकाकी खरी आहे, पण ती दोन दिवसांची. नारळाचं तेल सुकत नाही, ते तसंच ओशट राहतं, त्यावर माती बसते, वास मारतो, पावसात बुरशी धरते आणि शिवाय माणूस घसरतो! जवसाचं तेल मात्र हवा लागून घट्ट होतं, म्हणून लाकडाला ते. पण तेही फक्त उघड्या लाकडाला किंवा आधी तेलच लावलेल्याला, पीयूवर लावलंत तर वरच चिकटून बसेल. कोरड्या दिवसांत, अगदी पातळ हात, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं पुसून काढायचं.

आणि हे जरा नीट वाचा. जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता सुटते, चुरगळलेल्या फडक्यात ती कोंडते आणि काही तासांत फडकं आपोआप पेट घेऊ शकतं, काडी लावायची गरज नाही. बाहेर एकेक फडकं पसरून वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या डब्यात बुडवून झाकण लावा.

वाळपईला आमच्या माडीच्या फळ्यांतून पीठ पडतंय. शेजारचे म्हणतात काजूच्या टरफलांचं तेल मारा, वाळवी पळते.

पीठ पडतंय म्हणजे बहुतेक वाळवी नव्हेच. टाल्कम पावडरसारखं मऊ पीठ आणि टाचणीच्या डोक्याएवढी भोकं असतील तर तो भुंग्याचा किडा. खसखशीसारखे दाणे पडत असतील तर कोरड्या लाकडातली वाळवी, आणि भिंतीवरून मातीच्या नळ्या चढल्या असतील तर जमिनीतून आलेली, तिच्यासाठी फळीवर काही मारून उपयोग नाही, ती चिऱ्यांच्या भिंतीतून परत येते, पेस्ट कंट्रोलवाल्याकडून पायाशीच इलाज हवा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने फळ्या आणि मुख्य म्हणजे खालचे वासे वाजवून बघा, पोकळ वाजला तर त्या जागेवर कपाट ठेवू नका. किड्याला बोरॉनचं औषध चालतं पण ते उघड्या लाकडातच मुरतं, पॉलिश असेल तर आधी ते काढायला लागतं.

काजूचं तेल आपल्याकडे वाशांना, भिंतीत जाणाऱ्या टोकांना पूर्वीपासून लावतात आणि ते काम करतं. पण चालायच्या जमिनीला नाही. काजू आणि बिब्बा एकाच कुळातले, कातडीवर फोड येतात, लाकूड काळं पडतं आणि पोरंबाळं त्यावर अनवाणी फिरणार.

आम्ही मुंबईला असतो, लोटलीचं घर जून ते सप्टेंबर बंद. दरवर्षी येतो तेव्हा जमिनीवर पांढरी-हिरवी बुरशी. डीह्युमिडिफायर लावून ठेवला तर चालेल?

चालेल, पण त्याची टाकी भरली की तो बंद पडतो, आणि तुमचं घर बंद असल्यावर टाकी कोण ओतणार? नळी जोडून पाणी मोरीत सोडायची सोय असलेलाच घ्या, आणि लाइट जाऊन आली की स्वतःहून चालू होतो का ते दुकानातच प्लग काढून बघा. हवेतल्या ओलीचा आकडा ५५-६० टक्क्यांवर ठेवा, बाहेर नव्वदीला टेकलेलं असतं. मोठ्या जुन्या घरात कौलांतून हवा येत-जात असते, तिथे हे मशीन म्हणजे समुद्र उपसणं, एकदोन बंद होणाऱ्या खोल्यांपुरतंच लावा. मे महिन्यात कौलं चाळून घ्या, गालिचे उचलून वर ठेवा, रबराच्या चटया तर हमखास उचला, सामान भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. कोणीतरी पंधरा दिवसांनी येऊन पाऊस थांबलेला असेल त्या दुपारी खिडक्या उघडून पंखे लावले तरी पुष्कळ. पाऊस कोसळत असताना उघडून उपयोग नाही, बाहेरची ओल आत घेणं तेवढं होतं.

आणि गालिचा उचलल्यावर खाली वेगळ्या रंगाचा चौकोन दिसेल, दरवर्षी कोणीतरी घाबरून फोन करतं म्हणून आधीच सांगते. तो डाग नव्हे, तिथे उजेड लागलेला नाही इतकंच. घासू नका. सागवान उजेडाने रंग बदलतो, गालिचा काही महिने गुंडाळून ठेवलात तर चौकोन आजूबाजूच्या रंगात बराचसा मिसळून जाईल.