‘एमिग्रेशन’ला स्थलांतर म्हणायचं का?

प्रश्न असा होता की अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्हजमधल्या (सरकारी अभिलेखागारातल्या) सेमिनोल या फ्लोरिडातल्या मूळनिवासी लोकांच्या कागदपत्रांवर लेख लिहिताना ‘सेमिनोल एजन्सी एमिग्रेशन’ असं एका गठ्ठ्याचं नाव येतं, त्याला मराठीत ‘स्थलांतर’ लिहिलं तर चालेल का. माझ्या मते गठ्ठ्याचं नाव सांगताना चालेल, तुमच्या स्वतःच्या वाक्यात नको.

कारण हे नाव सरकारी आहे. मूळनिवासी जमातींचा कारभार बघणारं इंडियन अफेअर्सचं ऑफिस 1824 ला सुरू झालं ते युद्धखात्यात आणि 1849 पर्यंत तिथंच होतं, म्हणजे फ्लोरिडात फौज पाठवणारं खातं तेच आणि पत्रांवर ‘एमिग्रेशन’ लिहिणारंही तेच! क्रीक, चेरोकी, चोक्टॉ या दुसऱ्या जमातींच्या पत्रांनाही हाच शब्द लावलाय. प्रत्यक्षात 1832 ला सरकार आणि सेमिनोलांमध्ये फ्लोरिडा सोडून पश्चिमेला जाण्याबद्दल पेन्स लँडिंगचा तह झाला, त्यात ठरलं की काही प्रमुखांनी आधी तिकडची जमीन (आजच्या ओक्लाहोमातली) बघून यायची, ते गेले, आणि 1833 ला तिकडेच फोर्ट गिब्सनला जमीन पसंत असल्याच्या कागदावर त्यांच्या सह्या घेतल्या गेल्या, ज्या जबरदस्तीनं घेतल्या असं त्यातल्या काहींनी नंतर सांगितलं. मग 1835 ते 1842 सेमिनोल आणि अमेरिकी फौजेचं युद्ध. त्यांचा लढाऊ नेता ओसिओला 1837 मध्ये पांढऱ्या निशाणाखाली बोलणीला आला तर अमेरिकी फौजेच्या जनरल जेसपच्या हुकमानं त्याला पकडलं, पुढच्या जानेवारीत तो कैदेतच वारला. बाकीच्यांपैकी बहुतेकांना फ्लोरिडातल्या टँपा बेवरून बोटीनं न्यू ऑर्लीन्सला आणि तिथून नदीमार्गे वर त्या पश्चिमेच्या जमिनीकडे नेलं. याला स्थलांतर म्हणायचं म्हणजे ऊसतोडीला जाणारी माणसं आणि ही माणसं एकाच शब्दात बसवायची.

मग कुठला शब्द? ‘हद्दपारी’ बरेच जण सुचवतील, पण आपल्याकडे हद्दपार किंवा तडीपार होतो तो बहुतेक एकटा गुन्हेगार, आणि तो जाणार कुठं याच्याशी हुकूम देणाऱ्याला घेणंदेणं नसतं, इथं तर अख्खे समाज ठरवलेल्या जागी न्यायचे होते. ‘विस्थापन’ चुकीचं नाही पण ते ऐकलं की धरण आठवतं, आणि करणारा कोण ते त्यात दिसतच नाही. वाक्यात मी सरळ ‘हुसकावून नेलं’ लिहीन. या जमातींना पश्चिमेला न्यायचं ठरवणाऱ्या 1830 च्या रिमूव्हल अ‍ॅक्टला मात्र ‘हटाव कायदा’ मस्त बसतं, कारण ‘अतिक्रमण हटाव’मधला तो कोरडा सरकारी सूर मूळ शब्दातही आहे. पहिल्यांदा वापराल तिथं ‘रिमूव्हल’ आणि ‘एमिग्रेशन’ देवनागरीत जसेच्या तसे द्या, म्हणजे कुणाला या पत्रांची मायक्रोफिल्म शोधायची झाली तर नाव सापडेल.

अजून एक, ओक्लाहोमातल्या डॉज रोल्सपर्यंत, म्हणजे सरकारनं केलेल्या जमातींच्या सदस्यांच्या याद्यांपर्यंत, पोचलात तर तिथंही अशीच अडचण येईल. त्या याद्यांत सेमिनोल लोक ‘बाय ब्लड’ (रक्तानं सेमिनोल) आणि ‘फ्रीडमेन’ (काळे लोक) असे वेगळे काढलेत, आणि ही वाटणीही सरकारनंच केलेली. ‘फ्रीडमेन’ तसंच ठेवा, ‘मुक्त केलेले गुलाम’ करू नका, नाहीतर फ्लोरिडात सेमिनोलांच्या शेजारी स्वतःची गावं वसवून शेती करणारे आणि त्यांच्या बरोबरीनं लढलेले आफ्रिकन वंशाचे काळे सेमिनोल त्या भाषांतरात हरवतील.