वाचक विचारतात : अकाली गेलेले सूर

प्रश्न : माझा मुलगा पुण्यात शिकतो. दिवाळीत घरी आला तेव्हा त्याने खोलीच्या भिंतीवर अमेरिकन गिटारवादक जिमी हेंड्रिक्स आणि गायिका जेनिस जॉप्लिन यांची चित्रे लावली आणि दोघांच्या पुण्यतिथ्याही मला सांगितल्या. चौकशी केल्यावर कळले, की दोघेही वयाच्या २७ व्या वर्षी नशेपायी गेले. आमच्या घरात आखाजीची आणि कानबाईची गाणी सोडली तर गाण्याची परंपरा नाही. तरीही अशा माणसांची मुलाने आठवण काढत बसावे, हे मनाला पटत नाही. त्याला काय सांगावे?
— एक वाचक, पारोळा

उत्तर : आपली काळजी खरी आहे. हेंड्रिक्स १८ सप्टेंबर १९७० रोजी लंडनमध्ये गेला; झोपेच्या गोळ्या बेसुमार पोटात गेल्या होत्या आणि त्या गुंगीत उलटी श्वासनलिकेत अडकली. त्यानंतर तीन आठवडेही उलटले नाहीत तोच, ४ ऑक्टोबरला, जेनिस जॉप्लिन हॉलिवूडमधल्या हॉटेलच्या खोलीत मृतावस्थेत सापडली. कारण होते हेरॉइन. या दोन्ही मृत्यूंमध्ये गौरवण्यासारखे काहीही नाही, आणि ही गोष्ट मुलापाशी आपण अगदी स्पष्ट शब्दांत बोलावी. नशेमुळे त्यांचे वादन चांगले झाले, असा समज तरुण मुलांमध्ये असतो. प्रत्यक्षात नशेने त्यांचे पुढचे सारे वादन आणि गायन आपल्यापासून हिरावून घेतले.

परंतु अकाली गेलेले सगळेच गायक-वादक नशेने गेले, असे मात्र नाही. बडी हॉली ३ फेब्रुवारी १९५९ रोजी आयोवा राज्यात विमान कोसळून गेला, तेव्हा तो २२ वर्षांचा होता आणि त्याच विमानातला रिची व्हॅलेन्स तर अवघ्या १७ वर्षांचा. ओटिस रेडिंगचे विमान डिसेंबर १९६७ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या तळ्यात पडले. जे गाणे त्याने त्याच्या थोडेच दिवस आधी ध्वनिमुद्रित केले होते, ते त्याच्या मृत्यूनंतर अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. ड्वेन ऑलमन २४ व्या वर्षी मोटारसायकलच्या अपघातात गेला. शिकागोचा मॅजिक सॅम ३२ व्या वर्षी हृदयविकाराने गेला. आणि स्टीव्ही रे वॉनची गोष्ट तर आपण मुलाला आवर्जून सांगावी. दारू आणि कोकेन यांनी पोखरलेला हा टेक्ससचा गिटारवादक १९८६ मध्ये उपचार घेऊन व्यसनातून पूर्णपणे बाहेर आला, त्यानंतर जवळजवळ चार वर्षे शुद्धीत राहून वाजवत राहिला, आणि २७ ऑगस्ट १९९० रोजी कार्यक्रम आटोपून परतताना हेलिकॉप्टर टेकडीवर आदळून गेला. वय ३५. व्यसन सुटते आणि सुटल्यावरही हात तितकाच, किंबहुना अधिक चांगला चालतो, हे त्या चार वर्षांतल्या त्याच्या वादनात ऐकू येते.

आता आपल्या पत्रातल्या एका वाक्याबद्दल. आपल्या घरात गाण्याची परंपरा नाही असे आपण लिहिता, तेथे मी आपल्याशी सहमत नाही. हेंड्रिक्स आणि जॉप्लिन ज्या ब्लूजमधून आले, ते संगीत मिसिसिपीच्या काळ्या, सपाट, कापसाच्या जमिनीत वाढलेले आहे. गुलामगिरी कायद्याने संपल्यानंतरही मालकाच्या कर्जात अडकलेले कृष्णवर्णीय शेतकरी त्या शेतांत राबत आणि राबताना गात. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि आपल्या खानदेशातल्या कापसाला एकाएकी सोन्याचा भाव आला, म्हणजे या दोन मुलखांचा संबंध तसा जुना आहे.

माझ्या लहानपणी आमच्या शेतात वेचणीला बाया येत. कमरेला बांधलेल्या ओटीत कापूस साठत जाई, वाळलेल्या बोंडाची टोके बोटांना टोचून रक्त निघे, आणि एकीने ओळ उचलली की शेजारच्या तासातली दुसरी ती पुढे नेई. ब्लूजचे कडवे याच घडणीचे आहे : एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचे, हे सारे चार-चार मात्रांच्या बारा खंडांत बसवायचे. त्यातला गंधार कोमलही नसतो आणि शुद्धही नसतो, तो दोहोंच्या मध्ये कोठेतरी लावला जातो, आणि तो तसा लावण्यासाठी गिटारवादक तार बोटाने ओढतो, आपण मींड म्हणतो त्याच्या अगदी जवळ जाणारा हा प्रकार आहे. हेंड्रिक्स डावखुरा होता. उजव्या हाताची गिटार उलटी धरून, तारा आपल्या सोयीने पुन्हा बसवून तो वाजवी, त्यामुळे आवाजाच्या ज्या कळा एरवी खाली असतात त्या त्याच्या गिटारवर वरच्या बाजूला येत. हयातीत त्याचे स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेले अल्बम तीनच निघाले. आपण एक संध्याकाळ मुलाबरोबर बसून त्यातले संथ लयीचे एक गाणे ऐकावे आणि नंतर घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रीला आखाजीचे एक गाणे म्हणायला सांगावे. त्यानंतर मुलाशी जे बोलायचे ते बोलणे आपल्याला सोपे जाईल, असे मला वाटते.

प्रश्न : २७ व्या वर्षाचा शाप खरा आहे काय?
— एक विद्यार्थिनी, धुळे

उत्तर : नाही. ब्रायन जोन्स, हेंड्रिक्स, जॉप्लिन आणि जिम मॉरिसन हे चौघे जुलै १९६९ ते जुलै १९७१ या दोन वर्षांत गेले, चौघेही २७ वर्षांचे होते, आणि त्यातून ही समजूत जन्माला आली. १९९४ मध्ये कर्ट कोबेन आणि २०११ मध्ये एमी वाइनहाउस त्याच वयात गेल्यावर ती पक्की झाली. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०११ साली याविषयी अभ्यास प्रसिद्ध झाला. ब्रिटनमध्ये १९५६ ते २००७ या काळात ज्यांचा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला, अशा १०४६ संगीतकारांचा त्यात विचार केला होता. त्यांपैकी ७१ जणांचे निधन झाले होते, आणि २७ व्या वर्षी मृत्यू वाढतात असे काहीही त्यात दिसले नाही. मात्र विशीत आणि तिशीत असताना या संगीतकारांचा मृत्युदर सर्वसामान्य लोकांच्या दुप्पट-तिप्पट होता. तेव्हा काळजी करायची असेल तर ती त्या सबंध वीस वर्षांची करावी.

तरीही आपण धुळ्याहून विचारता आहात म्हणून एक गोष्ट लिहितो. धरणगावात १३ ऑगस्ट १८९० रोजी जन्मलेले त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी, ५ मे १९१८ रोजी जळगावजवळच्या भादली स्थानकात रेल्वेखाली सापडून गेले. त्यांचे वय तेव्हा २७ वर्षे आणि साडेआठ महिन्यांच्या थोडे पुढे होते, आणि जेनिस जॉप्लिनचे मृत्युसमयीचे वय त्यांच्यापेक्षा अवघ्या आठवड्याभराने कमी होते. हा योगायोग आहे, त्यापलीकडे काही नाही. पण बालकवींना आपण कसे आठवतो, याचा विचार आपण जरूर करावा. खानदेशातल्या शाळांत लहान मुले त्यांची कविता तालावर म्हणतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना भादलीचे रूळ ठाऊकही नसतात. मुले आधी हिरवळ आणि ऊनपाऊस शिकतात, कवीचा मृत्यू त्यांना मोठेपणी कधीतरी कळतो आणि तेव्हा तो खरोखर लागतो. रॉक आणि ब्लूजच्या वादकांच्या बाबतीत नेमके उलटे होते. आधी वय कळते, मग कारण कळते, मग हॉटेलच्या खोलीचा क्रमांक, आणि गाण्यापर्यंत पुष्कळ जण पोहोचतच नाहीत. हे मला फार खटकते.

प्रश्न : आम्ही काही मित्र अकाली गेलेल्या ब्लूज आणि रॉक कलाकारांच्या स्मरणार्थ एक संध्याकाळ योजत आहोत. आमच्यात वाजवणारे दोघेच आहेत, बाकीचे ऐकणारे. प्रारंभ ब्लूजचा गायक-गिटारवादक रॉबर्ट जॉन्सनपासून करावा आणि गिटारवर हात बसावा म्हणून त्याने चौरस्त्यावर सैतानाशी केलेल्या कराराची कथा रंगवून सांगावी, असा विचार आहे. कार्यक्रम कसा असावा आणि कोणत्या पुण्यतिथीला ठेवावा?
— काही वाचक, अमळनेर

उत्तर : प्रारंभ रॉबर्ट जॉन्सनपासूनच करावा, पण सैतान वगळावा. चौरस्त्याची ती कथा आधी टॉमी जॉन्सन नावाच्या दुसऱ्याच गायकाविषयी सांगितली जात होती. रॉबर्टविषयी जे सांगण्यासारखे आहे ते याहून कितीतरी मोलाचे आहे. गाजलेले वादक त्याच्या सुरुवातीच्या वादनाला हसत. तो गाव सोडून गेला, आइक झिमरमन नावाच्या वादकापाशी शिकला, आणि रात्री कोणाला त्रास होऊ नये म्हणून हे गुरुशिष्य स्मशानात थडग्यांवर बसून सराव करीत. परतला तेव्हा त्याचा हात ऐकून तेच वादक थक्क झाले. रियाजाचे श्रेय सैतानाला देणे हा त्या तरुणावर अन्याय आहे. त्याने एकंदर २९ गाणी ध्वनिमुद्रित केली, १९३६ मध्ये सॅन अँटोनिओच्या हॉटेलात आणि १९३७ मध्ये डॅलसमध्ये; १६ ऑगस्ट १९३८ रोजी मिसिसिपीतल्या ग्रीनवुडजवळ तो गेला. डॉक्टर आला नव्हता, आणि त्याचे थडगे म्हणून आज तीन वेगवेगळ्या जागा दाखवल्या जातात.

आपल्याकडे वाजवणारे दोघेच आहेत, याचे वाईट वाटून घेऊ नये. जॉन हॅमंड यांनी डिसेंबर १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये कृष्णवर्णीयांच्या संगीताचा मोठा कार्यक्रम योजला होता आणि त्यात त्यांना रॉबर्ट जॉन्सन हवा होता. शोध घेतला तेव्हा तो गेल्याचे कळले. त्याच्या जागी बिग बिल ब्रून्झी गायला, पण हॅमंड यांनी रॉबर्टच्या दोन तबकड्याही रंगमंचावरून वाजवून दाखवल्या, आणि सभागृहाने समोर माणूस नसताना त्याचे गाणे ऐकले. आपणही तसेच करावे. एक खुर्ची, एक स्पीकर, दिवे मंद आणि निवेदन दोन वाक्यांचे. त्याचे गाणे सुमारे तीन मिनिटांचेच असते, तेवढा वेळ मोबाइल बंद ठेवायला लोक नाही म्हणणार नाहीत.

त्यानंतर बेसी स्मिथ घ्यावी. ती १९३७ मध्ये क्लार्क्सडेलजवळ मोटार अपघातात वयाच्या ४३ व्या वर्षी गेली. एके काळी हजारो लोकांना खेचणाऱ्या या गायिकेच्या थडग्यावर फिलाडेल्फियाजवळच्या दफनभूमीत ३० वर्षांहून अधिक काळ साधा नावाचा दगडही नव्हता. ऑगस्ट १९७० मध्ये तो बसला. त्याचा खर्च दोघींनी वाटून घेतला : एक ह्वानिटा ग्रीन, जिने लहानपणी बेसीच्या घरी फरशा पुसल्या होत्या, आणि दुसरी जेनिस जॉप्लिन, जी आपण बेसीकडूनच गायला शिकलो असे मानत असे. दगड बसल्यानंतर दोन महिन्यांच्या आत जेनिस स्वतःच गेली. जेनिसचे गाणे लावण्याआधी ही हकीकत सांगावी. तिच्या मृत्यूविषयी निराळे काही बोलण्याची गरज उरणार नाही. आपले दोघे वाजवणारे शेवटी ठेवावेत आणि त्यांनी कोणाची नक्कल न करता एक साधा, संथ, बारा खंडांचा ब्लूज वाजवावा, शक्य असेल तर अहिराणी ओळी बांधून. तो बिचकत वाजला तरी चालेल.

तारखेबद्दल माझे मत ठाम आहे : पुण्यतिथी घेऊ नये. रॉबर्ट जॉन्सनच्या सॅन अँटोनिओतल्या पहिल्या ध्वनिमुद्रणाचे दिवस २३, २६ आणि २७ नोव्हेंबर हे होते, आणि त्यानंतर सहा वर्षांनी, २७ नोव्हेंबर १९४२ रोजी, सिएटलमध्ये जिमी हेंड्रिक्सचा जन्म झाला. २७ हा आकडा पाळायचाच असेल, तर तो या दिवशी पाळावा. त्या दिवसांत आपल्याकडे कापसाची वेचणी जोरात असते, म्हणून कार्यक्रम रात्री साडेआठनंतर ठेवावा, म्हणजे शेतावरून परतलेल्यांनाही जेवून येता येईल.