वाळू तापली की कासवाच्या माद्याच जन्मतात का? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : मार्चमध्ये वेळासला कासव महोत्सवाला गेलो होतो, तिथे कोणीतरी सांगत होतं की आता गरमी वाढल्यामुळे सगळी पिल्लं माद्याच निघतात. हे खरं आहे का? आणि माद्या जास्त म्हणजे अंडी जास्त, मग बरंच आहे की! - एक वाचक, चिपळूण

उत्तर : 'सगळी' हा शब्द सोडला तर खरं आहे. आपल्या कोकणात येतं ते ऑलिव्ह रिडले जातीचं समुद्री कासव. आपल्यात नर-मादी गुणसूत्रांवर ठरतं, तसं कासवात नसतं, तिथे ते ठरतं अंड्याभोवतीच्या वाळूच्या तापमानावर, आणि तेही उबवणीच्या साधारण मधल्या टप्प्यात. २९-३० डिग्रीच्या आसपास नर-मादी निम्मे निम्मे, त्याखाली नर जास्त आणि वर गेलं की माद्या जास्त. ३३-३४ च्या वर सलग राहिलं तर मग नर नाही न् मादी नाही, अंड्यातच जीव जातो.

आता 'माद्या जास्त तर बरंच' याबद्दल. काही वर्षं तसं वाटेलही, कारण एक नर अनेक माद्यांना पुरतो. पण ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या कासवांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला, त्यात मोठ्या कासवांत ८७ टक्के माद्या होत्या आणि लहान वयाच्या कासवांत ९९ टक्के! म्हणजे आज समुद्रात जे म्हातारे नर आहेत त्यांच्यावर चाललंय सगळं, ते संपले की पुढे काय? रिडलेला वयात यायलाच बारा-पंधरा वर्षं लागतात, त्यामुळे आज हॅचरीत (किनाऱ्यावरच्या ज्या कुंपणात अंडी पुरून जपतात तिथे) काय बिघडतंय ते आपल्याला कळणार तेव्हा फार उशीर झालेला असेल. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

हॅचरीत गेला होतात तर प्रत्येक घरट्याशी लावलेली पाटी बघितली असेलच, अंडी कधी घातली, किती होती ते लिहिलेलं असतं. कासवमित्र, म्हणजे कासवं जपणारे गावातले कार्यकर्ते, पहाटे पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) फिरून मादीचा माग काढत जातात, कुत्री-कोल्हे पोचायच्या आत अंडी काढतात (एका घरट्यात शंभरेक तरी) आणि कुंपणाच्या आत दीडेक फूट खोल, तोंड अरुंद आणि तळ रुंद असा घागरीसारखा खड्डा करून पुरतात. पुढच्या वेळी पाटीवरच्या तारखा जुळवून बघा, डिसेंबरातल्या घरट्यातून पिल्लं यायला पंचावन्न-साठ दिवस लागतात आणि मार्चमधल्या घरट्यातली पंचेचाळीस-पन्नास दिवसांतच येतात, कारण वाळू तापलेली असते. म्हणजेच थंडीतली घरटी ही नरांची घरटी असण्याची शक्यता जास्त. म्हणून माझं तरी मत असं की हंगामाच्या सुरुवातीचं एकही घरटं वाया जाऊ देऊ नये, आणि फेब्रुवारीनंतर हॅचरीवर सावलीची जाळी टाकायलाच हवी. अधूनमधून पाणी शिंपडून वाळू गार ठेवता येते, पण बेतानं, चिखल झाला तर अंड्यांना हवा मिळत नाही.

प्रश्न : कासवं तर डायनासोरच्या काळापासून आहेत ना, तेव्हाही पृथ्वी तापली होती. मग आत्ताच काय एवढं? - एक वाचक, ठाणे

उत्तर : आहेत, समुद्री कासवं दहा कोटी वर्षांहून जास्त जुनी आहेत आणि बऱ्याच उलथापालथी त्यांनी पचवल्यात. पण तेव्हा बदल हजारो वर्षांत होत होते, किनारे सरकत गेले, कासवंही सरकत गेली. जागा बदलायची ताकद त्यांच्यात आजही आहे. ओडिशात २०२१ साली टॅग (ओळखीचा नंबर असलेला बिल्ला) लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत थेट गुहागरच्या किनाऱ्यावर येऊन अंडी घालून गेली! मादी जन्मल्या भागातच परत येते असं आपण म्हणतो, ते बहुतेक वेळा खरंही असतं, पण ही बया अख्खा देश वळसा घालून आली.

मात्र जागा बदलायची तर जागा शिल्लक हवी ना. समुद्र वर येतोय आणि मागे आपण धूपप्रतिबंधक बंधारा घातलाय, सुरूचं बन लावलंय, त्याच्या मागे रिसॉर्ट आणि त्याचे रात्रभर जळणारे लाइट, मग वाळूचा जो पट्टा उरतो तो भरतीला पाण्याखाली जातो आणि तिथे घातलेली अंडी कुजतात. मादी दगडाच्या बंधाऱ्याला धडकून अंडी न घालताच परत फिरते. निसर्ग वादळ २०२० च्या जूनमध्ये आलं, पुढच्या मे मध्ये तौक्ते, अशा वादळात तर पुळणीचा आकारच बदलून जातो. वाळू मोकळी असेल तर पुळण पुन्हा भरते. बंधारा असेल तर लाट त्यावर आपटून पुढची वाळू ओढून नेते. गाव वाचवायला बंधारा लागतो हे मान्य, तिथे घालाच, पण जिथे मागे नुसती मोकळी जमीन आहे तिथे कशाला?

प्रश्न : पावसाळ्यात जाळ्यात गुंतलेलं कासव किनाऱ्याला लागलं तर परत पाण्यात ढकलावं का? - एक वाचक, मुरूड

उत्तर : नका ढकलू. थकलेलं, जखमी कासव बुडून मरतं, त्यालाही श्वासाला वर यावंच लागतं. सावलीत ठेवा, पाठीवर ओलं फडकं टाका, नाकपुड्या मोकळ्या ठेवा, खायला काही देऊ नका आणि वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा. आणि तुमच्या ओळखीत मच्छीमार असतील तर त्यांना एवढं नक्की सांगा, की कासव सोडवायला जाळं कापावं लागलं तर राज्य सरकारकडून २५ हजारांपर्यंत भरपाई मिळते, फक्त सोडवतानाचे फोटो किंवा व्हिडिओ काढून ठेवायचे.