तीन साइट, सेंट्रिंगचा सेट एक

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

विश्रामबाग, मिरज आणि कुपवाड अशा तिन्ही घरांच्या कामांचे वेळापत्रकाचे तक्ते पाहिले. प्रत्येक तक्ता स्वतःपुरता बरोबर आहे. फक्त सेंट्रिंगचा, म्हणजे स्लॅब ओतायच्या साच्याचा, तोच हजार चौरस फुटांचा सेट एकाच आठवड्यात तीन गावांत उभा आहे.

आधी सेटचं गणित घाल. प्लेटा, त्यांना पेलणारे आडवे स्पॅन, खालचे टेकू म्हणजे जॅक लावायला ५ दिवस, लोखंड बांधायला ३, स्लॅबचा १, काँक्रीट पक्कं होईपर्यंत थांबायचे १४, खोलायला २, साफ करून, तेल लावून पुढच्या साइटवर न्यायला १. झाले २६. म्हणजे साइट तीन असोत की सहा, तुझ्याकडून २६ दिवसांना एकच स्लॅब निघणार. तिघांना आळीपाळीने दिलास तर एकेका मालकाच्या वाट्याला ७८ दिवसांनी. आणि तू तिघांनाही महिन्याला मजला कबूल करून बसलायस!

त्या १४ दिवसांना हात लावू नकोस. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखालचे जॅक ७ दिवसांनी काढता येतात, त्याहून मोठ्या गाळ्याला १४. बीम ६ मीटरपर्यंत १४, पुढे २१. हे आकडेही साध्या ओपीसी सिमेंटचे, आणि पारा १५ अंशांखाली उतरत नसेल तेव्हाचे. तू पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं, सावकाश ताकद धरणारं सिमेंट वापरणार, त्यात पौष-माघातल्या रात्री. तेव्हा १४ हे कमीत कमी धर आणि डिझायनरला विचारूनच खोल. कॉलमच्या पेट्या मात्र दुसऱ्या दिवशी सुटतात. त्यांची रांग वेगळी ठेव.

दिवस वाचतात ते सेट रिकामा उभा राहत नाही तेव्हा. आरसीसी ड्रॉइंग, पूर्ण लोखंड, वायरमनचे पाइप आणि मालकाचा स्लॅबचा हप्ता, या चारांतलं एक जरी बाकी असेल तरी त्या साइटवर प्लेट उतरवायची नाही. ऊसतोड सुरू झाली की ट्रॅक्टर-ट्रॉल्या कारखान्यांकडे वळतात, म्हणून खडी-वाळू आठ-दहा दिवस आधीच पाडून ठेव.

मालक ओरडला की अर्धा सेट इकडे, अर्धा तिकडे करायचा मोह होतो. तसं केलं की दोन्हीकडे सांगाडा दिसतो, दोघेही मालक खूश, आणि स्लॅब एकाचाही होत नाही. फिटरचंही, म्हणजे लोखंड बांधणाऱ्याचंही, तेच. दोन साइटवर सहा-सहा दिवसांचं काम आहे. एक संपवून दुसरं घेतलं तर पहिलं सहाव्या दिवशी सुटतं, दुसरं बाराव्या. दोन-दोन दिवस आलटून पालटून केलं तर पहिलं दहाव्या दिवशी, दुसरं बाराव्याच. आणि हत्यारं हलवण्यात गेलेला वेळ धरला तर त्याहूनही उशिरा. म्हणजे फायदा कुणाचाच नाही.

तेव्हा तिन्ही तक्ते बाजूला ठेव आणि भिंतीवर एकच लाव. ओळी साइटच्या नकोत. सेट, सुतार, फिटर, गवंडी, मिक्सर अशा हव्यात. उभे रकाने दिवसांचे, चौकटीत साइटचं नाव. पुढचे तीन आठवडे पगाराच्या दिवशी मुकादमाला समोर बसवून भर. त्याच्या माणसांची जत्रा कधी, गावाला कोण जाणार, हे त्यालाच माहीत असतं. एका चौकटीत दोन नावं आली की निर्णय तिथेच घे: ज्या साइटची तयारी पूर्ण तिला आधी. दोन्ही तयार असतील तर जिथे शेवटचा स्लॅब आहे ती आधी, कारण ती रांगेतून कायमची बाहेर पडते आणि गवंड्यांना आत विटकाम-प्लास्टर मिळतं.

प्रत्येक कामात दोन-दोन दिवस जादा धरलेत, ते काढ. जादा दिवस दिसला की काम तेवढं लांबतंच. त्याऐवजी सेटच्या ओळीत दोन साइटच्या मध्ये ४ दिवस मोकळे सोड आणि मालकांना ३० च्या हिशेबानेच तारीख सांग.

पावसाचा अपवाद लक्षात ठेव. काळ्या मातीतला पाया उघडा असताना पाऊस लागला तर कडा ढासळतात, तळ चिखल होतो, पुन्हा खोदाई. मे अखेर प्लिंथ (जोतं) वर यायलाच हवी. त्या महिन्यात फिटर आधी तिकडे.

आता दुसरा सेट भाड्याने घ्यायचा का, हे तू विचारलंस. घे. सुतारांचे २६ पैकी ८ च दिवस जातात, फिटरचे स्लॅबला ३; म्हणजे टोळी दुसरी लागत नाही, फक्त प्लेटा-जॅकचा सेट लागतो. पहिल्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी त्याची सुरुवात धर. स्लॅबच्या दिवशी एक सुतार खाली जॅकवर नजर ठेवायला हवाच, तेव्हा त्या दिवशी दुसऱ्या साइटवर खोलाई लावू नकोस. मग ३० चे १५ होतील आणि प्रत्येक मालकाला ४५ दिवसांनी स्लॅब मिळेल. भाडं ठरवण्याआधी हीच तारीख तिघांनाही कळव. ४५ दिवस मान्य नसतील तर कुपवाडची सुरुवात विश्रामबागेचा शेवटचा स्लॅब होईपर्यंत पुढे ढकल.