ठाणं सोडून कोल्हापूरला यावं का?

प्रश्न : आम्ही ठाण्यात भाड्यानं राहतो. मी, मिस्टर, सासूबाई आणि दोन मुलं. वन बीएचके आहे, भाडं पंचवीस हजार आणि दर वर्षी वाढतंच. मिस्टरांचं आता वर्क फ्रॉम होम आहे, महिन्यातून एखाददा ऑफिसला जावं लागतं. माझं माहेर गडहिंग्लजचं, म्हणून कोल्हापूरला शिफ्ट व्हायचं डोक्यात आहे. मुलगी आठवीत, मुलगा तिसरीत. एक एजंट सारखा फोन करतोय की आत्ताच फ्लॅट बुक करा नंतर रेट वाढतील. साठवलेले पैसे डाऊन पेमेंटला घालावेत का? आणि मला तिथं अकाउंट्सचं काम मिळेल का?

उत्तर : ताई, या, जरूर या, पण फ्लॅट आत्ता बुक करू नका. आधी भाड्यानं राहा आणि एक अख्खा पावसाळा आणि एक उन्हाळा इथं काढा, मग घर घ्या. एजंट काहीही म्हणू दे.

कारण सांगते. कोल्हापुरात घर बघताना पहिला प्रश्न पुराचा. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात, ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. शाहूपुरी कुंभार गल्ली, दुधाळी, रमणमळा, नागाळा पार्कचा काही भाग, इथं लोकांच्या घरात पाणी होतं. आपण तिसऱ्या मजल्यावर आहोत म्हणून निर्धास्त राहायचं नाही, खाली पाणी भरलं की लाईट जाते, गाड्या अडकतात आणि मिस्टरांचं सगळं काम तर नेटवर. म्हणून एजंटला नाही, गल्लीतल्या किराणा दुकानदाराला विचारा की २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं. तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल.

उंचावरचे भाग बघा, राजारामपुरी, संभाजीनगर, आर. के. नगर. पाचगाव-मोरेवाडीकडं भाडं अजून कमी पडतं पण तिकडं बराचसा भाग ग्रामपंचायतीत येतो आणि पाण्याची ओरड जुनी आहे, तेव्हा नळाला किती दिवसांनी पाणी येतं आणि एप्रिल-मेमध्ये टँकर मागवावा लागतो का हे शेजाऱ्यांना विचारल्याशिवाय डिपॉझिट देऊ नका.

ॲग्रीमेंट रजिस्टरच करा. इथं अजून बरेच घरमालक स्टॅम्प पेपरवर नोटरी करून मोकळे होतात, पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणं भाडेकरार लेखी आणि रजिस्टर पाहिजे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. पुढं गॅस, बँक, आधारचा पत्ता, सगळीकडं तोच कागद कामाला येतो.

आता मुलं. मुलीची आठवी संपली की लगेच जूनमध्ये या. नववी-दहावी एकाच शाळेत झाली पाहिजे, दहावीच्या तोंडावर शाळा बदलणं तिच्यावर अन्याय होईल. एक वर्ष लांबवायचं असेल तर मग दहावी होईपर्यंत ठाण्यातच थांबा, मधला रस्ता काढू नका. मुलाचं सोपं आहे, सरकारी किंवा अनुदानित शाळेत घालणार असाल तर ठाण्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, शिक्षण हक्क कायद्यातच तसं लिहिलंय.

पैशाचं बोलायचं तर भाडं नक्की कमी होईल, बाकी सगळं स्वस्त होईल असं धरू नका. किराणा, औषधं, मोबाईल, शाळेची फी यात फार फरक पडत नाही. लोकलचा पास सुटेल पण इथं केएमटीच्या सिटी बसवर सगळं भागत नाही, टू व्हीलर लागतेच, कदाचित दोन. तुमच्या कामाचं म्हणाल तर शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीत, गुजरीतल्या सराफांकडं, सीए लोकांच्या ऑफिसात अकाउंट्सची माणसं लागतात, फक्त ठाण्याच्या पगाराची अपेक्षा ठेवू नका. बजेट मिस्टरांच्या एका पगारावर मांडा आणि त्यात भागत असेल तरच निघा. आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, त्यांचं वर्क फ्रॉम होम कंपनीकडून मेलवर लेखी घ्या. मॅनेजर तोंडी हो म्हणाला एवढ्यावर संसार हलवायचा नसतो, उद्या मॅनेजर बदलला तर काय करणार? महिन्याच्या फेरीची काळजी नको, महालक्ष्मी एक्स्प्रेसला रात्री बसलं की सकाळी मुंबई.

सासूबाईंचं तुम्ही पत्रात काहीच लिहिलं नाही. ठाण्यात त्यांच्या मैत्रिणी असतील, देऊळ असेल, ठरलेले डॉक्टर असतील, हे सगळं त्यांचंच सुटणार आहे. घर ठरवायच्या आधी त्यांना एकदा इकडं घेऊन या, चार दिवस राहू दे, आणि लिफ्ट नसेल तर तळमजला किंवा पहिला मजलाच बघा. त्यांच्या जुन्या रिपोर्टची फाईल आणि चालू औषधांची चिठ्ठी ठाण्याच्या डॉक्टरांकडून निघण्याआधीच लिहून घ्या.