सेट उत्तीर्ण असूनही विद्यापीठाकडून मुलाखतीचे बोलावणे का येत नाही?

प्रश्न: माझी मुलगी २७ वर्षांची असून अर्थशास्त्रात एम.ए. आहे. बी.ए. आणि एम.ए. दोन्हींत तिला ६० टक्क्यांच्या वर गुण आहेत. ती महाराष्ट्राची सेट (सहायक प्राध्यापकपदासाठीची राज्यस्तरीय पात्रता परीक्षा) उत्तीर्ण असून दोन वर्षे तासिका तत्त्वावर शिकवते. विद्यापीठांतील सहायक प्राध्यापकपदांसाठी तिने तीन वेळा अर्ज केला, परंतु मुलाखतीला बोलावणे आले नाही. आता तिने शिक्षकेतर पदांकडे वळावे का? – एक पालक, बार्शी

उत्तर: आपल्या मुलीकडे पात्रता आहे, यात शंका नाही. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदासाठी नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) किंवा सेट ही किमान अट झाली आणि पीएच.डी. ऐच्छिक ठरली, त्यामुळे पीएच.डी.चे महत्त्व संपले असा समज अनेक पालकांनी करून घेतला आहे. अर्ज करण्याचा अधिकार मिळणे आणि छाननीत टिकणे या मात्र वेगळ्या गोष्टी आहेत.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत मुलाखतीसाठी उमेदवार निवडण्याचे दोन स्वतंत्र तक्ते आहेत, एक विद्यापीठांसाठी आणि दुसरा महाविद्यालयांसाठी. विद्यापीठाच्या तक्त्यात पीएच.डी.ला ३० गुण आहेत, नेटला ५ आणि सेटला केवळ ३. आपल्या मुलीचे पदवीचे १३, पदव्युत्तरचे २३ आणि सेटचे ३ मिळून ३९ होतात. शिकवण्याच्या अनुभवाचे वर्षाला २ गुण धरले, तरी तेवढेच टक्के असलेला पीएच.डी.धारक तिच्या कितीतरी पुढे राहतो. महाविद्यालयांच्या तक्त्यात सेटला ५ आणि पीएच.डी.ला २५ गुण असल्याने दरी थोडी कमी आहे, म्हणून अनुदानित महाविद्यालयांच्या जाहिरातींकडे तिने अधिक लक्ष द्यावे. हे गुण केवळ छाननीसाठी असतात. राज्य शासनाचे निवडपद्धतीविषयीचे आदेशही बदलत असतात, त्यामुळे प्रत्येक जाहिरातीतील अटी, तसेच पद कायमस्वरूपी आहे की कंत्राटी, हे मुळातून वाचावे.

माझे स्पष्ट मत असे, की तिने यंदा नेट द्यावी आणि कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीचाही पर्याय भरावा. सेट आणि नेट यांचे स्वरूप सारखेच आहे, त्यामुळे अभ्यास वाया जाणार नाही. शिष्यवृत्तीसाठी वयोमर्यादा ३० असली तरी महिलांना पाच वर्षांची सवलत आहे. शिवाय महाराष्ट्राची सेट महाराष्ट्र आणि गोव्यापुरतीच चालते, तर नेट देशभर चालते, आणि २०२४ पासून नेटच्या गुणांवर पीएच.डी.चा प्रवेशही मिळू शकतो.

शिक्षकेतर पदे कमी प्रतीची मुळीच नाहीत. केंद्रीय विद्यापीठातील सहायक कुलसचिवाचे मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून आणि सहायक प्राध्यापकाचे ५७,७०० रुपयांपासून सुरू होते. परंतु ते काम परीक्षा, आस्थापना आणि लेखा यांचे आहे; वर्गात रमणाऱ्या मुलीने केवळ बोलावणे येत नाही म्हणून तिकडे वळावे, हे मला पटत नाही. प्रशासनाची खरोखर आवड असेल, तर अर्ज अवश्य करावा.

तोवर तासिका तत्त्वावरील दोन्ही वर्षांची नियुक्तिपत्रे, विद्यापीठाच्या मान्यतेची पत्रे आणि मानधन जमा झाल्याच्या नोंदी तिने आजच एकत्र करून ठेवाव्यात, कारण ती कागदपत्रे नसली तर हा अनुभव छाननीत धरला जाणे अवघड होते.